हातोड्यासाठी मदतीचा सामना

वहिनी नेमक्या कुणाच्या वहिनी, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. फुटबॉलच्या धंद्यात त्यांना सगळेच वहिनी म्हणतात. खेळाडू म्हणतात, पंच म्हणतात, क्लबांचे अध्यक्ष म्हणतात, आणि त्या समोर आल्या की ज्यांना घाम फुटतो तेही कपाळ पुसत वहिनीच म्हणतात. 'खेळाडूंचे एजंट' असं त्यांच्या पाटीवर लिहिलेलं आहे, पण ती पाटी वाचायला दोन जिने चढावे लागतात. खाली बुटांचं दुकान, मध्ये दातांचा डॉक्टर आणि वर वहिनी. दम लागलेला माणूस कमी बोलतो, म्हणून आपल्याला हीच जागा बरी, असं त्यांचं म्हणणं.

खरं तर त्या भिंगरीच्या वहिनी. भिंगरी म्हणजे त्यांचा धाकटा दीर. उजव्या बाजूने चेंडू घेऊन असा काही गरागरा फिरत जायचा की लोकांनी नावच ते ठेवलं. आठ वर्षं खेळला, मग गुडघा गेला, आणि पुढच्या दोन वर्षांत होतं नव्हतं ते सगळं गेलं. तेव्हा क्लबने त्याच्यासाठी मदतीचा सामना ठेवला. या खेळातली ही जुनी रीत. तिकीट नसतं. सामन्याआधी तो जुना खेळाडू जुनी जर्सी घालून मैदानाच्या मधल्या वर्तुळात उभा राहतो, माइकवर दोन शब्द बोलतो, आणि मग एक लाकडी खोकं घेऊन त्याला सगळ्या स्टँडसमोरून फिरवतात. ज्याला जे वाटेल ते तो खोक्यात टाकतो. भिंगरीच्या गुडघ्यात जोर नव्हता, म्हणून खोक्याची दुसरी कडी वहिनींनी धरली होती. घरी येऊन खोकं उघडलं तर पैसे होते, नाही असं नाही, पण दोन नट-बोल्ट होते, सदऱ्याचं एक बटण होतं आणि बसचं वापरलेलं तिकीटही होतं. भिंगरी पूर्ण वेळ हसत होता. घरी आल्यावर त्याने ती जर्सी काढली, फरशी पुसायला म्हणून मोरीत टाकली, आणि मरेपर्यंत एकही सामना पाहिला नाही, टीव्हीवरसुद्धा.

वहिनी तेव्हा एका विमा कंपनीत कारकून होत्या. बारीक अक्षरातले कागद वाचणं हेच त्यांचं काम. त्यांनी दिराचे सगळे जुने करार कपाटातून काढले आणि एका बैठकीत वाचले. वाचता वाचता तळपायाची आग मस्तकात गेली. कमाईचा पाचवा हिस्सा एजंटचा, फोटोचे निम्मे पैसे क्लबचे, आणि दुखापत झाली तर खेळाडूला काय? कुबड्यांचा एक जोड, तोही परत करण्याच्या अटीवर. त्या दिवशी वहिनींनी कानाला खडा लावला. महिन्याभरात नोकरी सोडली आणि भिंगरीच्या संघातल्या दोन पोरांचे करार स्वतः करायला घेतले.

त्यांच्या अटी तीन. पहिली, कमाईतला तिसरा हिस्सा थेट पेन्शनच्या खात्यात जाणार आणि ते खातं वयाची चाळीस वर्षं पूर्ण झाल्यावरच उघडणार. त्याआधी फोडायचं तर खेळाडू आणि वहिनी दोघांच्या सह्या लागणार आणि वर मोठी रक्कम कापली जाणार. दुसरी, दर वर्षी हंगाम संपला की महिनाभर एखादं हाताचं काम शिकायचं, कोणतंही, पण तेच ते, दर वर्षी. आणि तिसरी, कुणाचं किती साठलंय हे वहिनी जगात कुणालाही सांगणार नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या अटींवरून त्यांनी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. बाकीचे खेळाडू सुट्टीत समुद्रावर लोळायचे आणि वहिनींचा गोलकीपर पहाटे बेकरीत पीठ मळायचा. दुसरा एक घड्याळं दुरुस्त करायचा. पण सगळ्यांत जास्त कुरकुर केली ती हातोड्याने. हातोडा एकोणीस वर्षांचा असताना त्यांच्याकडे आला. डाव्या पायाची फ्री किक अशी मारायचा की समोरच्या भिंतीत उभे राहिलेले खेळाडू आधी एकमेकांकडे आणि मग आकाशाकडे बघायचे. काम कोणतं शिकशील, असं वहिनींनी विचारलं तेव्हा त्याने फरशी बसवण्याचं निवडलं. कारण काय, तर मिस्त्रीचं घर त्याच्या घराला सगळ्यांत जवळ होतं. चालायला नको. सव्विसाव्या वर्षी त्याच्या मनात एक लाल गाडी भरली. पेन्शनचं खातं फोडा म्हणून तो वहिनींच्या ऑफिसात येऊन बसला, भांडला, आणि शेवटी चक्क रडला. वहिनींनी त्याला पाणी दिलं, रुमाल दिला, सही दिली नाही.

पस्तिसाव्या वर्षी हातोडा निवृत्त झाला. आता तो अडतीसचा होता. मधली पाच वर्षं जरा ओढाताणीची जाणार हे वहिनींना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते वर्तमानपत्रवाल्यांना. एका फोटोग्राफरने त्याला कुठल्याशा इमारतीत गुडघ्यांवर बसून फरशी ठोकताना पाहिलं. गालाला सिमेंट, कानामागे पेन्सिल, हातात रबरी हातोडी. दुसऱ्या दिवशी पान भरून फोटो आणि वर मथळा: 'हातोड्याच्या हाती हातोडी'. खाली, एकेकाळी पन्नास हजार लोकांना उभं करणारा हा माणूस आज कसा गुडघ्यांवर आला आहे, असं बरंच काही.

लोक हळहळले. हळहळायला पैसे पडत नाहीत. आणि मग क्लबला जाग आली. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत ज्यांनी हातोड्याला साधा फोनही केला नव्हता, त्या अध्यक्षांनी पत्रकारांना बोलावून जाहीर केलं की पुढच्या रविवारी आपल्या लाडक्या हातोड्यासाठी मदतीचा सामना होईल.

वहिनींनी ती बातमी ऑफिसात वाचली आणि वर्तमानपत्राची घडी घालून ती बुडाखाली घेऊन बसल्या.

मग फोन सुरू झाले. त्यांच्याकडे तेव्हा पंधरा खेळाडू होते. त्यातल्या अकरा जणांचे फोन आले. सगळे आडून आडून विचारत होते. बेकरीत काम शिकलेल्या गोलकीपरने तेवढं सरळ विचारलं.

"वहिनी, रागावू नका. पण तुमचं सगळं ऐकून हातोड्याची ही गत झाली, तर आमचं काय होणार?"

"त्याची काय गत झालीये?"

"फोटो बघितला ना. आणि आता खोकं फिरणार."

वहिनी काही बोलू शकत नव्हत्या. हातोड्याच्या नावावर किती आहे, हा आकडा त्यांच्या जिभेवर होता. तो एकदा उच्चारला असता तर अकराच्या अकरा गप्प बसले असते आणि वर्तमानपत्रवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता. पण तिसरी अट त्यांचीच होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बारावा फोन टायवाल्याचा. हा दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचा एजंट. कंपनीचं ऑफिस काचेचं, आत कॉफीचं यंत्र, आणि याच्या गळ्यात बाराही महिने टाय. आवाजात दुःख भरून तो म्हणाला, "वहिनी, फार वाईट वाटलं. तुमची पद्धत जुन्या काळात ठीक होती. आता तुमच्या मुलांना आमच्याकडे पाठवलंत तर मी स्वतः लक्ष घालीन."

"तुझ्या मुलांकडे लक्ष आहे का आधी?" वहिनी म्हणाल्या. "परवा तुझा तो माजी कप्तान खालच्या दुकानात बूट विकायला आला होता. विकत घ्यायला नाही, विकायला. सोनेरी बूट होता, बक्षिसाचा." आणि फोन ठेवला. पण रविवार काही डोक्यातून जाईना. हातोडा त्या वर्तुळात उभा राहिला की तीस वर्षांत त्यांनी बांधलेलं सगळं लोकांच्या लेखी संपणार होतं. आणि त्याहून खोल एक गोष्ट होती, ती त्या कुणाशी बोलल्या नसत्या. त्यांचा एकही माणूस कधी खोक्यामागे चालणार नाही, असं त्यांनी भिंगरीला सांगितलं होतं.

हातोडा फोन उचलत नव्हता. वहिनी त्याला शोधत कामावर गेल्या.

एका नव्या दवाखान्याचं काम चालू होतं. दारं अजून लागायची होती. आतल्या खोलीत हातोडा गुडघ्यांखाली रबराचे पट्टे बांधून बसला होता आणि एक फरशी माशीही उडू नये अशा हलक्या हाताने खाली टेकवत होता.

"हातोड्या, उठ. बोलायचंय."

"वहिनी, दहा मिनिटं. माल सुकतोय."

क्लबांच्या अध्यक्षांना तास तास बसवून ठेवणाऱ्या वहिनी सिमेंटच्या एका पोत्यावर बसल्या. बसल्या बसल्या बघत राहिल्या. त्याने फरशी टेकवली, दोनदा ठोकली, पाणसळ ठेवली, तिच्यातला बुडबुडा बघितला, फरशी पुन्हा उचलली, खालचा चमचाभर माल काढला आणि पुन्हा टेकवली. दहाची वीस मिनिटं झाली. वहिनींचा राग बराचसा पोत्यातच मुरला.

"आता बोला," तो हात पुसत म्हणाला.

"क्लबला पत्र लिहायचं. मी मसुदा आणलाय. 'आभारी आहे, पण मला मदतीची गरज नाही.' खाली सही कर."

हातोड्याने कागद वाचला. सगळा वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा बघितली. वहिनींनीच लावलेली सवय.

"मी जाणार आहे, वहिनी."

"कुठे जाणार आहेस?"

"रविवारी. मैदानावर."

"डोकं ठिकाणावर आहे ना? तिथे काय होतं माहितीये तुला?"

"माहितीये. तुम्ही मला भिंगरीदादांचं सगळं सांगितलंय. अगदी बटणासकट."

"मग?"

"मग काय. त्यांनी बोलावलंय, मी जातोय. सोळा वर्षं तुम्ही माझ्या वतीने बोललात, आता माझं तोंड मला वापरू द्या." एवढं बोलून तो परत पट्टे आवळायला लागला. "आणि त्या पोत्यावरून उठा, साडीला सिमेंट लागलंय."

वहिनी तिथून निघाल्या त्या थेट त्याच्या घरी. हातोड्याची बायको शाळेची बस चालवते. दुपारची फेरी संपवून ती नुकतीच आली होती आणि उभ्याउभ्याच पाणी पीत होती. वहिनींना वाटलं होतं, निदान ही तरी आपल्या बाजूने बोलेल.

"त्याला समजाव," वहिनी म्हणाल्या. "अजून दोन वर्षं कळ काढायची आहे. फक्त दोन."

बायकोने पेला ठेवला. "वहिनी, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण खरं सांगू का? दोन वर्षं तुम्हाला फक्त वाटतात. घरमालकाने भाडं वाढवलंय. हे काम करतात, मी काम करते, भागतं, पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी भाजीवाल्याकडे बघून न बघितल्यासारखं करते. मीच म्हटलं यांना, लोक देतायत तर घ्या. चोरी तर नाही ना? तुमचा अभिमान मोठा आहे, पण घरमालक तो भाड्यात धरत नाही."

असा कोपऱ्यात चेंडू लावला की गोलकीपर हलतसुद्धा नाही, तसं त्यांचं झालं.

जिने उतरताना त्या स्वतःवर चिडल्या. आपण या माणसाला पाच वर्षांच्या खिंडीत उभं केलं आणि वरून शाबासकीची वाट बघत बसलो. पस्तिसाव्या वर्षी पाय थांबतात आणि चाळीसाव्या वर्षी खातं उघडतं, मग मधल्या पाच वर्षांचं काय, हे करार लिहिताना आपल्याला सुचलं कसं नाही? भिंगरीसाठी पेटलेल्या डोक्याने त्यांनी ती अट लिहिली होती. पेटलेल्या डोक्याने लिहिलेल्या अटीत भोकं राहतात, हे विमा कंपनीतल्या शिपायानेही त्यांना सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेतून खातं मुदतीआधी फोडण्याचा फॉर्म आणला. आयुष्यात पहिल्यांदा. त्यावर आपली सही केली आणि हातोड्याच्या सहीची जागा मोकळी सोडून तो पर्समध्ये ठेवला. कापले जाणारे पैसे त्यांनी दोनदा मोजून बघितले. पण एका पारड्यात पैसे आणि दुसऱ्यात ते वर्तुळ, तर त्यांना वजन करायचीसुद्धा गरज नव्हती.

रविवारी त्या दोन तास आधी मैदानावर पोहोचल्या. हातोडा त्यांच्याही आधी आलेला होता. तो खेळाडूंच्या खोल्यांकडून बाहेर येत होता. अंगात जुनी जर्सी होती, पोटावर जरा ताणलेली, आणि पँटचे दोन्ही गुडघे ओले. जुन्या आठवणींनी खाली बसून रडला की काय, असं वाटून वहिनींना भरून आलं. त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि फॉर्म पुढे केला.

"कर सही. माझी केलीये. तिसरा भाग कापला जाईल, जाऊ दे. उद्या पैसे हातात येतील. त्या वर्तुळात जाऊ नकोस."

हातोडा फॉर्मकडे बघत राहिला. मग त्याला हसू आलं.

"गाडीसाठी रडलो तेव्हा दिली नव्हती सही."

"तेव्हा तू गाढव होतास."

"आणि आता?"

"आता मी आहे. मधल्या पाच वर्षांचा मी विचारच केला नव्हता. चूक माझी आहे, ती तू का भोगायची?"

हातोडा हसायचा थांबला. वहिनींनी चूक कबूल केलेली त्याने सोळा वर्षांत ऐकली नव्हती. आणखी कुणी ऐकली असेल असंही वाटत नाही.

"वहिनी, विचार केला नव्हता असं कसं? दर वर्षीचा महिना काय होता मग?" त्याने फॉर्मची नीट घडी घातली आणि त्यांच्या पर्समध्ये परत ठेवली. "हे फाडायचं नाही हं. बँकेचा कागद आहे, रद्द करून घ्या. जाऊन बसा तुम्ही. बायको आलीये, तिच्या शेजारी बसा."

स्टँड भरले. म्हाताऱ्यांपासून पोरासोरांपर्यंत सगळे आले होते. टायवालाही आला होता आणि वहिनींच्या खेळाडूंमध्ये जाऊन बसला होता, कुणी मेलं की नातेवाइकांत बसतात तसा. बँड वाजला. अध्यक्षांनी भाषण केलं. त्यात 'दुर्दैव' हा शब्द चार वेळा आला, वहिनींनी मोजला. मग दोघांनी ते लाकडी खोकं आणून वर्तुळात ठेवलं, आणि हातोडा चालत मधे गेला. वहिनींनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. शेजारी त्याची बायको सरळ समोर बघत होती.

हातोड्याने माइक घेतला. दोनदा टकटक केलं.

"सगळे आलात, बरं वाटलं," तो म्हणाला. "मला भाषण येत नाही. अध्यक्षसाहेब म्हणाले की माझं दुर्दैव आहे. तर ते काही खरं नाही. वर्तमानपत्रात माझा जो फोटो आला होता तो मी कापून घरी लावलाय. मात्र फोटोतली डावीकडून तिसरी फरशी अजून बसायची होती. ती वाकडी दिसते म्हणून मिस्त्री मला अजून चिडवतो."

लोक हसले. जरा चाचरतच हसले. रडायच्या तयारीने आलेल्या माणसाला हसायला वेळ लागतो.

"मी फरशीचं काम करतो. सोळा वर्षं दर सुट्टीत शिकलो. खेळताना मला त्याची लाज वाटायची, आता वाटत नाही. माझे पैसे आहेत, ते माझ्या एजंटने कुलपात ठेवलेत. दोन वर्षांनी कुलूप उघडेल. तोपर्यंत मला मदत नको, काम पाहिजे. आणि काम या मैदानावरच आहे."

त्याने खिशातून एक कागद काढला.

"आपल्या संघाच्या खोलीत अंघोळीची जागा आहे. तिचा उतार चुकलाय. पाणी नळीकडे जायचं सोडून दाराकडे येतं. मी स्वतः तिथे दोनदा आपटलोय. आपला मागचा सेंटरहाफ पायाचं हाड मोडून एक हंगाम घरी बसला, तो मैदानावर पडला असं सगळ्यांना वाटतं. तो साबणावर पडला होता. आज सकाळी येऊन मी जागा मोजली. जुनी फरशी काढून, उतार बदलून, नवी बसवून किती होतील ते यात लिहिलंय. भाव बाजाराचा आहे. दुसरा कुणी कमी भावात नीट करत असेल तर त्याला द्या, मी रागावणार नाही. पण करून घ्या. तिथे रोज बावीस पोरं उघड्या पायांनी उभी असतात, त्यांच्या पायांवर त्यांची घरं चालतात."

मग त्याने ते खोकं उचललं, पालथं घातलं, त्यावर ऐसपैस बसला आणि कागद मांडीवर ठेवून अध्यक्षांपुढे पेन धरलं.

मग उत्तरेच्या स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, "सही करा, साहेब!" आणि मग सगळं मैदानच ओरडायला लागलं. अध्यक्ष हसले, घाम पुसला, पुन्हा हसले. हजारो लोकांसमोर त्यांना कागद घ्यावा लागला. हातोडा म्हणाला, "आधी वाचा, साहेब. न वाचता सही करू नये." हे माइकवर गेलं, आणि वहिनींच्या पंधराच्या पंधरा खेळाडूंनी एकदम वहिनींकडे वळून बघितलं. टायवाला आपला टाय नीट करत होता. तो आधीच नीट होता.

अध्यक्षांनी वाचलं आणि सही केली.

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. शेजारी हातोड्याची बायको हसत होती आणि रडतही होती. "मला एका शब्दाने बोलला नाही मेला," ती म्हणत होती. "सकाळी मोजपट्टी घेऊन निघाला तर मला वाटलं सवयीने घेतली असेल." वहिनींनी तिचा हात धरला. आपण तीस वर्षं या पोरांना पैसे साठवायला शिकवतोय, असं त्यांना वाटत आलं होतं. हे असं ताठ मानेने पेन पुढे करणं त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. ते त्याचं त्याने मिळवलं होतं, रोज गुडघ्यांवर बसून. इतका अभिमान त्यांना त्याच्या फ्री किकचाही कधी वाटला नव्हता, आणि त्यांनी त्याची एकही फ्री किक चुकवली नव्हती.

सामना झाला, बरा झाला. गोलकीपरने जाता जाता वहिनींना मिठी मारली आणि कानात विचारलं, "माझ्या वेळेला बेकरीवाला भागीदारीत घेईल का, बोलून ठेवाल?" सोमवारी एकही फोन आला नाही. मंगळवारी वहिनी बँकेत गेल्या, फॉर्म रद्द करून घेतला, आणि ऑफिसात येऊन कराराच्या मसुद्यात चौथी अट लिहायला बसल्या. निवृत्तीपासून चाळिशीपर्यंत घरभाडं निघेल एवढी रक्कम दर महिन्याला वेगळी साठवायची. या वेळी डोकं थंड ठेवून लिहिली आणि हातोड्याच्या बायकोला दोनदा वाचून दाखवली. तिने त्यात एक दुरुस्ती सुचवली, तीही बरोबर होती.

महिन्याभराने अंघोळीच्या खोलीचं काम पुरं झालं. आता उतार असा होता की मग्गाभर पाणी ओतलं तर ते गपगुमान नळीची वाट धरायचं. दुसऱ्या दोन क्लबांची बोलावणी आली. हातोड्याने हाताखाली एक कारागीर ठेवला. वहिनींनी ही संधी साधली. त्यांच्या स्वयंपाकघरातली फरशी बरीच वर्षं डुगडुगत होती. त्यांनी त्याला बोलावलं. त्याने गुडघ्यांवर बसून सगळी खोली मोजली, कागदावर हिशोब केला आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

वहिनींनी चष्मा लावून कागद वाचला. मागची बाजूही बघितली.

"हे काय रे? पूर्ण भाव?"

"पूर्ण भाव."

"घरच्या माणसाला काही सूट वगैरे असते की नाही?"

हातोड्याने पेन्सिल कानामागे खोचली आणि त्यांच्याकडे बघितलं.

"वहिनी, सोळा वर्षांत तुम्ही माझ्याकडून कमिशन कधी एक पै तरी कमी घेतलंत?"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. इतका आनंद त्यांना कुठल्याही कराराने दिला नव्हता. त्यांनी पेन मागितलं आणि पूर्ण भावावर सही केली.